टॉर्चचा रिपोर्ट निगेटिव्ह होईपर्यंत थांबू का?

पत्राचा सारांश: वाचक २९ वर्षांच्या, सांगली जिल्ह्यातल्या. गेल्या वर्षी मार्चमध्ये आठव्या आठवड्यात गर्भपात झाला. एप्रिलमध्ये टॉर्च टेस्ट (गर्भाला बाधू शकणाऱ्या काही संसर्गांच्या अँटिबॉडी पाहणारी रक्ततपासणी) केली तेव्हा टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीविरुद्धची आयजीजी ही अँटिबॉडी १८६, पॉझिटिव्ह, आणि आयजीएम ही दुसरी अँटिबॉडी बॉर्डरलाइन. तीन आठवडे गोळ्या घेतल्या. डिसेंबरमध्ये पुन्हा दिवस राहिले आणि फेब्रुवारीत नवव्या आठवड्यात पुन्हा तेच झालं. मार्चच्या रिपोर्टात आयजीजी १४२, आयजीएम निगेटिव्ह. पुन्हा कोर्स. जुलैत दुसऱ्या लॅबमध्ये आयजीजी १५१. ‘इन्फेक्शन परत वाढतंय’ असं घरात ठरलं. सासूबाईंच्या मते हे सगळं मनी मांजरीमुळे, म्हणून मिस्टरांनी मनीला शेतावर नेऊन सोडलं. आता तिसरा कोर्स लिहून दिलाय. वाचक विचारतात: ‘रिपोर्ट निगेटिव्ह यायला अजून किती महिने लागतील? तोपर्यंत चान्स घ्यायचाच नाही का? रिपोर्ट मी कपाटात साड्यांखाली ठेवलेत. बघवत नाहीत.’

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्या उत्तरासाठी तुम्ही बरेच महिने थांबला आहात. टॉक्सोप्लाझ्माचा आयजीजी एकदा आला की बहुधा जन्मभर राहतो. गोळ्यांनी जात नाही, पथ्यानं जात नाही. तेव्हा ‘निगेटिव्ह आला की मग बघू’ म्हणजे कोल्हापूरच्या एसटीत बसून पंढरपूर कधी येतंय म्हणून खिडकीतून बघत राहण्यासारखं आहे. ड्रायव्हरचा दोष नाही आणि तुमचाही नाही, फक्त गाडी त्या गावाला जात नाही.

मी मायक्रोबायॉलॉजीची डॉक्टर. नोकरी सगळी लॅबमध्ये गेली, ओपीडीत नाही. रिपोर्ट कसा वाचायचा ते मी सांगू शकते. औषध सुरू-बंद करणं तुमच्या डॉक्टरांचं काम, त्यात मी पडणार नाही. पण त्यांना काय विचारायचं ते मात्र शेवटी लिहिते.

तुमच्या पत्रात ‘इन्फेक्शन आहे’ हे शब्द मी मोजले, सहा वेळा आलेत. तिन्ही रिपोर्टांपैकी एकही तसं म्हणत नाही. या तपासणीत परजीवी दिसत नाही. दिसतात ती त्याच्याविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी. जंतू आज काय करतोय हे त्यांच्यावरून थेट कळत नाही. तो कधीतरी येऊन गेलाय, किंवा येऊन गप्प बसलाय, एवढं कळतं. ‘कधीतरी’ म्हणजे नेमकं कधी, हे शोधणं हीच या तपासणीतली खरी कसरत, आणि तुमच्या रिपोर्टांच्या बाबतीत ती कुणी केलेली दिसत नाही.

हा परजीवी पहिल्यांदा शरीरात शिरतो तेव्हा काय होतं ते बघा. सुरुवातीला तो भराभर वाढणाऱ्या रूपात असतो, एका पेशीतून दुसऱ्या पेशीत घुसत जातो. गल्लीत चोर आल्याचा ओरडा झाला की लोक हाताला लागेल ते घेऊन धावतात, कुणी काठी, कुणी लाटणं. आयजीएम तसा. आठवड्याभरात हजर होतो. त्याची एकेका हाताची पकड ढिली असते, पण एका रेणूला दहा हात असतात आणि त्यांच्या जोरावर तो निभावून नेतो. पाठोपाठ, साधारण दोन आठवड्यांत, आयजीजी दिसायला लागतो. त्याला हात दोनच. महिना-दोन महिन्यांत तो शिखरावर जातो, मग वर्ष-दोन वर्षं हळूहळू उतरून एका पातळीवर स्थिरावतो. ती पातळी कुणाची २० असते, कुणाची २००. जिची २०० तिचा आजार जास्त, असा त्याचा अर्थ नाही.

दरम्यान परजीवीही बदलतो. प्रतिकारशक्तीचा दाब आला की तो वाढीचा वेग कमी करतो आणि स्नायूंत, मेंदूत बारीक पुटी करून आत बसतो. तिथे प्रतिपिंडं पोचत नाहीत. त्याला दाबून ठेवण्याचं मुख्य काम टी-पेशी, म्हणजे संरक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, करतात. आणि आजमितीला कुठलंच औषध या पुटी खात्रीनं साफ करत नाही. गोळ्या वेगानं वाढणाऱ्या रूपाला आवर घालतात, झोपलेल्याला नाही. म्हणून तुमचे दोन कोर्स होऊनही आयजीजी पॉझिटिव्हच राहिला. औषध ‘लागू पडलं नाही’ असं वाटून तुम्ही खचलात. पण हा आकडा खाली आणणं त्या औषधाचं काम कधीच नव्हतं.

आता आयजीएमकडे येऊ, कारण पहिल्या रिपोर्टातल्या ‘बॉर्डरलाइन’ शब्दानं बरीच झोप उडवली असणार. पुस्तकात लिहिलेलं असतं की आयजीएम म्हणजे ताजा संसर्ग. प्रत्यक्षात हा पाहुणा चिवट. काही जणींच्या रक्तात तो वर्षभर, कधी दोन वर्षांहूनही जास्त रेंगाळतो. शिवाय काही किट नसलेला आयजीएमही दाखवतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं १९९७ साली डॉक्टरांना जाहीर सूचनाच काढली होती की गरोदर बाईचा निर्णय निव्वळ बाजारातल्या किटच्या टॉक्सो आयजीएमवर घेऊ नका. या गोष्टीला पाव शतक उलटून गेलं.

मग जुनं-नवं ओळखायचं कसं? इथे शरीराची एक करामत उपयोगी पडते. मला तरी ती अजून थक्क करते. संसर्गानंतर आपल्या लसिकाग्रंथींमध्ये, म्हणजे काखेत, जांघेत अवधाण येतं त्या गाठींमध्ये, प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींची महिनोन्महिने चाळणी चालते. पेशी दुभंगताना प्रतिपिंडाच्या जनुकात बारीकसा फरक पडतो. जिची पकड सुधारली ती टिकते, बाकीच्या गळतात. पुन्हा दुभंग, पुन्हा चाळणी. त्यामुळे दोन महिन्यांच्या संसर्गातला आयजीजी आणि दोन वर्षांच्या संसर्गातला आयजीजी यांचा आकडा एकच असू शकतो, पण पकड वेगळी असते. पकडीच्या या घट्टपणाला अ‍ॅविडिटी म्हणतात.

ती मोजतात कशी ते सांगते. एकाच बाईचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा पातळ भाग, प्लेटच्या दोन खळग्यांत घालायचं. खळग्यांच्या तळाशी टॉक्सोप्लाझ्माची प्रथिनं चिकटवलेली असतात, आयजीजी त्यांना जाऊन धरतो. मग एक खळगा साध्या द्रावणानं धुवायचा आणि दुसरा युरियाच्या तीव्र द्रावणानं. हो, युरियाच, ऊसाला टाकतात तोच पदार्थ, फक्त शुद्ध केलेला. ढिली पकड असलेली प्रतिपिंडं युरियानं सुटून वाहून जातात, घट्ट असलेली तशीच राहतात. शेवटी रंग आणणारं द्रव्य घातलं की साधा खळगा पिवळाजर्द होतो. युरियाच्या खळग्यातही जवळपास तेवढाच पिवळा आला तर संसर्ग जुना. फिक्कट आला तर शंका उरते. मी नोकरीला लागले तेव्हा आकडा यायच्या आधी आम्ही प्लेट खिडकीशी धरून नुसत्या डोळ्यांनी अंदाज बांधायचो.

यातला एक बारकावा तुमच्यासारख्या सगळ्याच वाचकांनी लक्षात ठेवावा. अ‍ॅविडिटी ‘हाय’ आली तर गेल्या तीन-चार महिन्यांत नवा संसर्ग झालेला नाही हे जवळजवळ ठाम म्हणता येतं. ‘लो’ आली तर मात्र उलट निष्कर्ष काढता येत नाही. काहींची पकड घट्ट व्हायला वर्ष लागतं. लो अ‍ॅविडिटीच्या कागदावर रडत बसलेल्या मुली मी पाहिल्यात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

तर तुमचे तीन कागद. फेब्रुवारीतल्या गर्भपाताबद्दल मी स्वच्छ सांगते, त्याचा टॉक्सोप्लाझ्माशी संबंध जोडता येत नाही. डिसेंबरमध्ये दिवस राहिले तेव्हा तुमचा आयजीजी पॉझिटिव्ह येऊन आठ महिने झाले होते. गर्भाला धोका असतो तो आईला पहिल्यांदा संसर्ग गरोदरपणातच, किंवा गर्भधारणेच्या अगदी आधीच्या काही आठवड्यांत झाला तर. आधीपासून आयजीजी असलेल्या, प्रतिकारशक्ती धड असलेल्या बाईकडून तो बाळाकडे जाणं अत्यंत दुर्मीळ. ज्या ‘पॉझिटिव्ह’ला तुम्ही घाबरताय, तो पुढच्या बाळाच्या बाजूनं उभा आहे.

पहिल्या वेळेबद्दल मी शपथेवर बोलणार नाही. तेव्हा अ‍ॅविडिटी केली असती तर कळलं असतं. आज करून त्या मार्चचं काही कळायचं नाही, कारण इतक्या महिन्यांनी पकड घट्ट झालेलीच असणार. संसर्ग अगदी ताजा असता तर आयजीएम असा कुंपणावर बसला नसता, बहुधा चढाच असता, एवढं म्हणता येईल. आणि समजा तोच ताजा संसर्ग होता, तरी तो प्रसंग एकदाच येतो. तोच परजीवी दुसऱ्या खेपेला पुन्हा गर्भपात घडवत नाही.

१४२ चं १५१ झालं त्याचं काय? काही नाही. लॅब बदलली, किट बदललं. एकाच नळीतलं रक्त त्याच दिवशी दोन यंत्रांत घातलं तरी एवढा फरक पडतो. आकडा खरंच चढतोय का हे पाहायचं तर जुनं आणि नवं सीरम एकाच दिवशी, एकाच किटवर, शेजारी शेजारी लावावं लागतं.

दीर्घ मुक्कामाचा प्रत्येक परजीवी असाच वागतो असं समजू नका. विदर्भातल्या वाचकांकडून हत्तीरोगाच्या तपासणीबद्दल पत्रं येतात, त्यांच्यासाठी एवढंच: तिथे कृमी वर्षानुवर्षं जिवंत असतो आणि शरीराचा कल आयजीजी-४ नावाच्या मवाळ उपप्रकाराकडे झुकतो. हा दाह पेटवत नाही, उलट ॲलर्जीवाल्या आयजीईला अडवतो. म्हणून रक्तात सूक्ष्मकृमी फिरत असूनही माणूस ठणठणीत दिसतो. पाय सुजलेल्या रुग्णात चित्र बरंचसं उलटं, आयजीजी-४ कमी आणि दाहाची प्रतिपिंडं जास्त. तिथे औषधानंतर आयजीजी-४ उतरत जातो आणि त्या उतरण्याला अर्थ असतो. टॉक्सोप्लाझ्माच्या आकड्याला तो नियम लावू नका.

मनीकडे वळते. मांजराच्या पोटात या परजीवीचं लैंगिक चक्र पूर्ण होतं हे खरं, १९७० च्या आसपास ते सिद्ध झालं. पण मांजर विष्ठेतून त्याची अंडी टाकतं ते साधारणपणे आयुष्यात एकदाच, स्वतःला पहिला संसर्ग झाल्यावर एक-दोन आठवडे. ती अंडीही टाकल्या टाकल्या लागत नाहीत, पिकायला एक ते पाच दिवस घेतात. अंगावरून हात फिरवून संसर्ग होण्याची शक्यता फार कमी. मनी सहा वर्षांची आहे असं तुम्ही लिहिलंय. तिचे ते दिवस असलेच तर केव्हाच सरले असणार. शिवाय तुम्हाला संसर्ग होऊन गेलाय, आता मनी तुम्हाला नव्यानं काय देणार? सासूबाईंना समजावताना मात्र ‘तुम्ही चुकलात’ इथून सुरुवात करू नका. नातवंड गेल्याचं दुःख त्यांनाही आहे आणि त्यांना धरायला काहीतरी हवं होतं. मांजर हाताशी होती.

तुम्ही शाकाहारी असूनही हे कसं झालं असंही विचारलंय. मातीतून, पाण्यातून, नीट न धुतलेल्या कोथिंबिरीतून. कोइमतूरमध्ये २००४-०५ च्या सुमारास शेकडो लोकांच्या डोळ्यांना टॉक्सोप्लाझ्माचा त्रास झाला तेव्हा संशय पिण्याच्या पाण्यावर होता. भारतातल्या मूल होण्याच्या वयाच्या बायकांच्या एका मोठ्या पाहणीत, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे २२ टक्के जणींना आयजीजी सापडला. तुमच्या भिशीत वीस जणी असतील तर चार-पाच जणी अशा निघतील, आणि त्यांना पत्ताही नसेल.

काळजी घ्यायची ती ज्यांचा आयजीजी निगेटिव्ह आहे आणि दिवस आहेत त्यांनी. आपल्याकडे उलटं होतं. निगेटिव्ह आला की पेढे आणि पॉझिटिव्ह आला की रडारड. फ्रान्समध्ये १९७८ पासून गरोदर बायकांची ही तपासणी ठरवून होते, आणि तिथे पॉझिटिव्ह बाईला ‘तुझं काम झालं’ म्हणून सोडतात, निगेटिव्ह असलेलीला दर महिन्याला बोलावतात. कारण गरोदरपणात पहिला संसर्ग झाला तर तेराव्या आठवड्यात बाळापर्यंत जाण्याची शक्यता सहा टक्क्यांच्या आसपास असते आणि छत्तिसाव्या आठवड्यात सत्तरच्या वर. लवकरचा कमी वेळा पोचतो, पण पोचला तर जास्त नुकसान करतो. अशा बहिणींनी बागेत हातमोजे घालावेत, मेथी-कोथिंबीर वाहत्या पाण्याखाली धुवावी, कच्च्या मटणाचं मीठ चाखू नये, कच्च्या मटणाची सुरी तशीच काकडीला लावू नये. कुकरला शिजलेल्या मटणाची भीती नाही. मांजराची वाळू रोज बदलावी आणि ती दुसऱ्या कुणीतरी.

आता माझी स्वतःची एक चूक सांगते. मी कित्येक वर्षं असे रिपोर्ट सही करून सोडले. ‘पॉझिटिव्ह’ ठळक अक्षरात, शेजारी आकडा, खाली माझी सही. ‘आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह म्हणजे जुना संसर्ग, उपचारांची गरज नसते’ ही एक ओळ छापायला किती शाई लागली असती? माझ्या डोक्यात एवढंच असायचं की डॉक्टरांना कळतंच. एकदा जिन्यात एक बाई भेटली. हातात माझ्याच सहीचा कागद, आणि ती नवऱ्याला विचारत होती, ‘म्हणजे मला आता मूल होणारच नाही का?’ त्यानंतर ती ओळ छापायला लागले.

वारंवार गर्भपातासाठी टॉर्चची सरसकट तपासणी करूच नये, असं ब्रिटनमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनं २०११ च्या मार्गदर्शिकेत म्हटलंय. हे वाचून तुमच्या डॉक्टरांशी भांडायला जाऊ नका. आपल्याकडे पेशंटच ‘सगळ्या टेस्ट करा’ म्हणतात आणि टॉर्च सगळ्या पॅकेजांत असते. पण त्या एका कागदानं तुमच्या बाबतीत नुकसान केलं ते असं, की कारण सापडलं असं सगळ्यांना वाटलं आणि पुढचा शोध थांबला.

म्हणून पुढच्या भेटीत चिठ्ठीवर लिहून न्या आणि विचारा: थायरॉइड आणि साखर पाहिली का? गर्भाशयाच्या आकारासाठी सोनोग्राफी नीट झाली का? अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं (रक्ताच्या गुठळ्या व्हायला कारण ठरणारी) तपासायची का? ही शेवटची तपासणी खरोखर महत्त्वाची, कारण त्यावर परिणामकारक उपाय आहे. तीही प्रतिपिंडांचीच, आणि गंमत बघा, ती एकदा पॉझिटिव्ह येऊन भागत नाही. बारा आठवड्यांनी पुन्हा करून तेव्हाही पॉझिटिव्ह आली तरच धरतात. तिसरा कोर्स नेमका कशासाठी, हेही विचारा. ‘आयजीजी कमी करायला’ असं उत्तर आलं तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचं मत जरूर घ्या. त्यात कुणाचा अपमान नाही. या सगळ्यांत काहीच सापडलं नाही तर घाबरू नका. लवकरच्या गर्भपातांपैकी जवळपास निम्मे, किंबहुना जास्तच, गर्भाच्या गुणसूत्रांतल्या योगायोगाच्या गडबडीमुळे होतात. दोनदा असं झालेल्या बहुतेक जणींना पुढे मूल होतं. फॉलिक ॲसिड मात्र आत्तापासून चालू असू द्या.

डोळ्यांपुढे अचानक ठिपके तरंगायला लागले किंवा नजर धूसर झाली तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा आणि टॉक्सोचा इतिहास सांगा. पुढेमागे प्रतिकारशक्ती खूप उतरवणारी औषधं घ्यायची वेळ आली तरी सांगा. झोपलेला जागा होण्याचे प्रसंग हेच.

आणखी एक, आत्ताच सांगून ठेवते. तुमचं बाळ जन्मेल तेव्हा कुणी त्याची टॉर्च केली तर त्याचाही आयजीजी पॉझिटिव्ह येईल. तो तुमचा असेल, वारेतून गेलेला. वर्षभरात आपोआप नाहीसा होतो. बाळाचा स्वतःचा संसर्ग पाहायचा तर आयजीएम आणि आयजीए पाहतात, कारण ती वार ओलांडत नाहीत.

ते रिपोर्ट साड्यांखालून काढा आणि फाइलमध्ये सगळ्यात वर लावा, विशेषतः पहिला. पुढच्या खेपेला कुणी पुन्हा टॉक्सो तपासून ‘पॉझिटिव्ह आहे’ म्हणालं, तर त्या कागदावरची गेल्या वर्षीच्या एप्रिलची तारीख दाखवा. मनीला आणायला शेतावर जाल तेव्हा हाका मारून बघा, सहा वर्षांची मांजर धन्याचा आवाज विसरत नाही.